गच्चीवर थरावर थर नको

मागच्या पावसाळ्यात अम्मींच्या खोलीत सिलिंगचा मोठा पोपडा पडला. अम्मी नुकत्याच जानमाजवरून उठल्या होत्या, म्हणून बचावल्या. वर पाहिले तर गंजलेली सळई. मिस्त्री म्हणाला, "आपा, जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकू. दोन दिवसांचं काम."

भगिनींनो, जरा हिशेब करा. वीटतुकड्यांचा चार इंची कोबा चौरस फुटाला 18 ते 20 किलो भरतो. आमची गच्ची 500 चौरस फुटांची. म्हणजे एका थराचेच 9 ते 10 टन! गंजलेल्या स्लॅबवर आणखी तेवढेच ओझे? शिवाय जुन्या कोब्यात मुरलेले पाणी आतच कोंडणार. सळई गंजते तेव्हा फुगते आणि खालचे काँक्रीट फोडते. पोपडा पडला तो त्यामुळेच.

आमच्या नानींचे मराठवाड्यातले घर धाब्याचे होते. तुळयांवर फळ्या, वर माती, आणि उन्हाळ्यात त्यावर पुन्हा पांढरी माती. गळती थांबे, पण छत जड होत जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच दगडमातीची जड घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. स्लॅबचे घर वेगळे, हे खरे. पण ओझे ते ओझेच.

आम्ही इंजिनिअरला बोलावले. (मिस्त्री रुसला, ते निराळे.) जुना कोबा काढला, सळई साफ करून स्लॅब दुरुस्त केला. नंतर पन्हाळीचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून पाहिले. ओल उतरली नाही, तेव्हाच नवा कोबा घातला. उतार दहा फुटांना सव्वा इंच, तोही पन्हाळीकडे. आमचा जुना उतार उलटा होता! गच्ची आणि कठडा जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा करून घेतला. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरते. भिशीचे सगळे पैसे त्यात गेले.

पन्हाळीच्या तोंडाशी मात्र कबुतरांची पिसे आणि मुलांचा चेंडू सापडला. ते काढायला पैसे लागले नसते.

यंदा पहिली मोठी सर थांबली की अर्ध्या तासाने गच्चीवर जा. कुठे डबके उरले असेल तर त्याच्या कडेने कोळशाने रेघ ओढून ठेवा आणि मिस्त्री आला की आधी ती रेघ दाखवा.