छायाचित्र खरे, पण साक्षीदार कोण?

वृत्तछायाचित्रणाच्या जगातून सध्या येणाऱ्या बातम्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या, नोकऱ्या आटत चालल्याच्या. दुसऱ्या, छायाचित्रांवरचा विश्वास उडत चालल्याच्या. पहिलीकडे व्यवसायाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, दुसरीकडे तंत्रज्ञानाचा. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकच आहे. वृत्तछायाचित्राला किंमत असते ती घटनास्थळी हजर असलेल्या आणि नंतर जाब देऊ शकणाऱ्या माणसामुळे. नेमक्या त्याच माणसावरचा खर्च माध्यमसंस्थांना आता जड वाटू लागला आहे.

अर्विंगमधील गॅरेज

या प्रश्नाचा एक जुना धागा टेक्सासमधील अर्विंग शहरात सापडतो. लास कोलिनासमधील कार्यालये आणि विमानतळाची जवळीक यांमुळे हे शहर मराठी व्यावसायिकांच्या परिचयाचे आहे. त्याच्या जुन्या वस्तीतील रूथ पेन यांच्या घराचे नगर प्रशासनाने संग्रहालय केले आहे. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या आदल्या रात्री ली हार्वे ऑस्वाल्ड याच घरात मुक्कामाला होता. हत्येच्या दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, पोलिसांना घराच्या गॅरेजमध्ये ऑस्वाल्डची रायफलसह काढलेली छायाचित्रे सापडली. आपला चेहरा दुसऱ्याच्या धडावर चिकटवला आहे, असे त्याने चौकशीत सांगितले. पुढे ‘लाइफ’सह काही नियतकालिकांनी हे छायाचित्र छापताना त्यावर हात फिरवला, त्यामुळे संशयाला आणखी खतपाणी मिळाले.

तो वाद तपासाने मिटवला. उपलब्ध निगेटिव्ह विशिष्ट कॅमेऱ्याशी जुळवण्यात आली. ही छायाचित्रे आपणच काढल्याचे ऑस्वाल्डच्या पत्नीने सांगितले. १९७९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीच्या तज्ज्ञांनाही बनावटगिरीचा पुरावा आढळला नाही. निगेटिव्ह, कॅमेरा आणि तो हाताळणारी व्यक्ती, असे तीन आधार तेव्हा हाती होते.

डिजिटल काळात निगेटिव्ह गेली आणि तिसऱ्या आधाराचे महत्त्व वाढले. मुंबईला याचा प्रत्यय २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर आला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा यांनी टिपलेले कसाबचे छायाचित्र जगभर पोहोचले. डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर या दोन्ही वृत्तछायाचित्रकारांनी पुढे न्यायालयात साक्ष दिली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम ठेवली, त्या निकालात या छायाचित्रांची आवर्जून दखल घेतलेली आहे. छायाचित्रकार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, म्हणून त्या छायाचित्रांना पुराव्याचे वजन आले.

कॅमेऱ्याची सही पुरेशी नाही

मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने प्रसृत केलेले वेल्सच्या राजकन्येचे कौटुंबिक छायाचित्र प्रमुख वृत्तसंस्थांना फेरफाराच्या कारणावरून मागे घ्यावे लागले. मे २०२५ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने व्हिएतनाम युद्धातील, ८ जून १९७२ च्या ‘नापाम गर्ल’ या छायाचित्राचे निक उट यांच्याकडे असलेले श्रेय स्थगित केले. ते एका स्थानिक मुक्त छायाचित्रकाराने टिपल्याचा दावा एका माहितीपटाने केला होता. श्रेय बदलण्याइतका निर्णायक पुरावा नाही, असे सांगत असोसिएटेड प्रेसने आपल्या नोंदीत ते उट यांच्याच नावावर ठेवले. छायाचित्र खोटे आहे, असे कोणीच म्हणत नाही. कॅमेरा कोणाच्या हाती होता एवढाच वाद आहे, आणि तो अर्ध्या शतकानंतरही सुटलेला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या प्रतिमांना उत्तर म्हणून छायाचित्राच्या उगमाची डिजिटल नोंद ठेवणारे तंत्र पुढे आले आहे. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी २०२१ मध्ये त्यासाठी आघाडी स्थापन केली. लायकाने २०२३ मध्ये अशी नोंद करणारा कॅमेरा बाजारात आणला. हा मार्ग उपयुक्त असला तरी अभेद्य नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्रुटी उघड झाल्यावर निकॉनला आपल्या एका कॅमेऱ्यासाठी दिलेली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. फाइल कोणत्या यंत्रातून निघाली हे तंत्रज्ञान सांगू शकते. पण चौकटीबाहेर काय होते, हे सांगायला माणूसच लागतो.

हक्क कोणाचा?

तो माणूस मात्र पगारपत्रकावरून नाहीसा होत आहे. ‘शिकागो सन-टाइम्स’ने २०१३ मध्ये एका दिवसात आपल्या सर्व २८ छायाचित्रकारांना घरी पाठवले, तेव्हाच दिशा स्पष्ट झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये गेटी इमेजेस आणि शटरस्टॉक यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. खरेदीदार जितके मोजके, तितकी मुक्त छायाचित्रकाराची भाव ठरवण्याची ताकद कमी, हे बाजाराचे साधे गणित आहे.

अशा वेळी स्वामित्वहक्क हीच त्याची खरी ठेव ठरते, आणि इथे दोन देशांतील कायद्यांचा फरक डोळ्यांत भरतो. अमेरिकेत लेखी करार नसेल तर मुक्त छायाचित्रकाराच्या कामाचा हक्क त्याच्याकडेच राहतो. भारतात मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काम देणाऱ्याकडे जातो. उलट वृत्तपत्राच्या पगारी छायाचित्रकाराला भारतीय कायदा अधिक उदार आहे. वेगळा करार नसेल, तर नियतकालिकातील प्रसिद्धीपुरता हक्क मालकाचा आणि उरलेला छायाचित्रकाराचा असतो. अमेरिकेत नोकरीचा भाग म्हणून केलेले सर्व काम मालकाचे असते. पुण्या-मुंबईतून अमेरिकन प्रकाशनांसाठी काम करणाऱ्यांनी कोणत्या देशाचा कायदा लागू होणार, हे करारातच लिहून घेणे म्हणूनच शहाणपणाचे आहे. अमेरिकेत प्रसिद्धीनंतर तीन महिन्यांच्या आत नोंदणी केल्यास कायद्याने ठरवलेली भरपाई मागण्याचा मार्ग खुला राहतो. ५५ डॉलरच्या एका अर्जात ७५० पर्यंत छायाचित्रे नोंदवता येतात.

टेक्सासचे आकाश

टेक्सासमध्ये काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडसर आहे. राज्याच्या २०१३ च्या कायद्याने पाळतीच्या हेतूने व्यक्ती किंवा खासगी मालमत्तेचे ड्रोनमधून चित्रण करण्यास मनाई केली. संशोधनाला आणि घरे विकणाऱ्या दलालांना त्यातून सूट मिळाली, वृत्तसंकलनाला मिळाली नाही. ‘पाळत’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्याही कायद्यात नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल प्रेस फोटोग्राफर्स असोसिएशनने या कायद्याला आव्हान दिले. मार्च २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यातील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये अपिलीय न्यायालयाने तो निर्णय फिरवला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्यामुळे केंद्राचा ड्रोन परवाना खिशात असतानाही अर्विंगवरून पुराचे चित्रण करणाऱ्या वृत्तछायाचित्रकाराच्या डोक्यावर टांगती तलवार कायम आहे.

संधी कुठे?

तरीही दारे पूर्ण बंद नाहीत. १९८८ पासून न्यूयॉर्क राज्यात भरणारी एडी अ‍ॅडम्स कार्यशाळा निवड झालेल्या शंभर तरुणांना विनाशुल्क प्रशिक्षण देते. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेला प्रवेशशुल्क नाही, आणि तिच्या प्रादेशिक रचनेमुळे आशियातील स्थानिक छायाचित्रकारांना पूर्वीपेक्षा अधिक वाव मिळतो.

टेक्सासची खरी श्रीमंती मात्र संग्रहांची आहे. ऑस्टिनच्या विद्यापीठात मॅग्नम या संस्थेची सुमारे दोन लाख मुद्रित छायाचित्रे आणि एडी अ‍ॅडम्स यांचा संग्रह आहे. अर्विंगपासून जवळच, डेंटनमध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सास राज्याच्या इतिहासाचा खुला डिजिटल संग्रह चालवते. त्यात लहान स्थानिक संस्थांचे साहित्यही सामावलेले आहे.

मराठी समाजाने या ठिकाणी स्वतःकडे पाहायला हवे. अर्विंगमधील महात्मा गांधी स्मारक २०१४ मध्ये उभे राहिले. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन २०१९ मध्ये डॅलसला भरले. अशा प्रसंगी हजारो फोन चित्रे टिपतात. परंतु तारीख, स्थळ, व्यक्तींची नावे आणि छायाचित्रकाराचे नाव यांच्या नोंदीसह जपलेला संच नसेल, तर वीस वर्षांनी त्या चित्रांतून इतिहास लिहिता येणार नाही. ढोल-ताशा पथकांवर आणि मंडपांवर सढळ हाताने खर्च करणाऱ्या मंडळांनी एका प्रशिक्षित वृत्तछायाचित्रकाराला योग्य मानधन, नावासह श्रेय आणि लेखी करार दिला, तर ती छोटी का होईना, खरी संधी ठरेल.

खोटी प्रतिमा आता जवळजवळ फुकट तयार होते. म्हणूनच खऱ्या प्रतिमेसाठी किंमत मोजावी लागणार आहे. ती मोजायची की नाही, हे केवळ वृत्तसंस्थांच्या हाती नाही. चित्र पाहताना त्याखालचे नाव वाचणाऱ्या, आणि नाव नसेल तर ते विचारणाऱ्या वाचकाच्याही हाती आहे.