राजवटीचा धर्म नव्हे, लेखणीचे स्वातंत्र्य तपासा

इराणची बातमी आली की आपल्याकडचे मनुवादी पंडित एकच पाढा म्हणतात : इस्लामी राजवटीत ना वृत्तपत्र मोकळे, ना सत्ताबदल शक्य. तिथल्या राज्यकर्त्यांची वकिली आम्हाला करायची नाही. १९९७ साली सुधारणावादी खातमी निवडून आले, वृत्तपत्रे बोलू लागली. एप्रिल २००० मध्ये अवघ्या काही दिवसांत डझनाहून अधिक पत्रांना टाळे ठोकले गेले. २०२२ साली महसा अमिनीच्या मृत्यूची बातमी देणाऱ्या निलोफर हमेदी आणि इलाहे मोहम्मदी या पत्रकार भगिनींना तुरुंगात डांबले. मतदान झाले तरी, लेखणी बांधलेली असेल तर बदल होत नाही.

पण हा दोष मुसलमानांच्या माथी मारायचा काय? उत्तरासाठी तेहरानला जायला नको. आपल्या मराठवाड्यावरही निजामाचे राज्य होते. आ. कृ. वाघमारे यांना 'मराठवाडा' हे साप्ताहिक पुण्याहून काढावे लागले. संस्थानात त्यावर बंदी आली. पुढे लातूरचा वकील कासिम रझवी रझाकार घेऊन उठला. त्याच्याविरुद्ध लिहिणारे उर्दू 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. मारणारे धर्माचे नाव घेत होते, आणि मरणाराही मुसलमानच होता!

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. त्यानंतर मुसलमानांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. दिल्लीतल्या निधर्मी सरकारने तो अहवाल अनेक दशके दाबून ठेवला. मग इथे कोणता धर्म दोषी?

माधवनगरच्या वाचकांना संस्थान म्हणजे काय ते सांगायला नको. शेजारचे बुधगाव धाकट्या मिरज संस्थानाची राजधानी होते. औंधच्या राजाने १९३९ साली रयतेच्या हाती कारभार दिला, पण सगळ्या हिंदू संस्थानिकांनी तो कित्ता गिरवला नाही.

बाबासाहेबांनी १९४७ साली हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असे बजावले. त्याच बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात १९२० साली 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नव्हती. पुण्यात तेव्हा निजाम नव्हता!

म्हणून आमची कसोटी एकच. राजवटीने कपाळाला टिळा लावला की डोक्यावर पगडी घातली, हे आम्ही पाहत नाही. तिच्याविरुद्ध लिहिणारा संपादक रात्री सुखरूप घरी पोहोचतो काय, आणि लोकांना ती मताने खाली खेचता येते काय, एवढेच विचारतो. हा प्रश्न तेहरानला विचारण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो तो दिल्ली आणि मुंबईलाही विचारतो. चळवळीच्या माणसाने तो विचारत राहावा आणि विचारणारी आपली पत्रे जगवावीत.