मरणाची खोडी काढणारा यवतमाळकर

यवतमाळचे नामांकित वकील आणि मराठी शायर वासुदेव वामन ऊर्फ भाऊसाहेब पाटणकर १९९७ मध्ये गेले, पण स्वतःच्या मरणावर ते त्याआधीच कितीतरी मैफली रंगवून बसले होते. त्यांच्या शेरांत तिरडीवरचं प्रेत गप्प पडून राहत नाही. कफनात नखशिखांत गुंडाळलं म्हणून ते चक्क तक्रार करतं, कारण जिवंतपणी तोंड लपवावं असं त्यानं काही केलेलंच नसतं! ऐकणाऱ्याला एका वाटेनं न्यायचं आणि अखेरच्या शब्दाला गर्रकन वळवायचं, ही त्यांची खरी हातोटी. इश्क, मदिरा आणि मृत्यू हे विषय उर्दूच्या दरबारातले. पण भाऊसाहेबांनी उसनवारी केली नाही. त्यांचा प्रेमिक प्रेयसीच्या दारात आसवं ढाळत बसत नाही. तो अस्सल वऱ्हाडी ताठ्याचा. प्रेम करील, पण लाचार होणार नाही. हा स्वाभिमान हीच त्यांची मराठी शायरीला सर्वांत मोठी देणगी. माणूसही तसाच रगेल: वाघाच्या शिकारीचा शौकीन, पुढे दृष्टी गेली तरी मैफलीत ‘दोस्तहो’ म्हणून साद घालणारा. ‘जिंदादिल’ हे बिरूद त्यांना शोभलं ते उगीच नव्हे.

आज सूत्रसंचालक त्यांचे शेर सर्रास फेकतात, टाळ्याही घेतात. नाव मात्र क्वचितच घेतात. हे खटकतं. त्यांचं ‘मराठी मुशायरा’ हे पुस्तक एकदा हातात घ्यावं, आणि शेर मोठ्यानं, चारचौघांत वाचावेत.