श्रावण-भाद्रपदाला पाणी हवं

लाल किल्ल्यातल्या हयात बख्श बागेत समोरासमोर दोन संगमरवरी मंडप आहेत. एकाचं नाव सावन, दुसऱ्याचं भादों. म्हणजे आपले श्रावण आणि भाद्रपद. ही नावं नुसती हौसेने दिलेली नाहीत. मंडपातून पाणी पडद्यासारखं खाली पडायचं आणि त्यामागच्या भिंतीत लहान लहान कोनाड्यांच्या ओळी होत्या. दिवसा त्यांत फुलदाण्या ठेवायच्या, रात्री दिवे लावायचे. पाण्याआडून थरथरता उजेड दिसावा आणि दिल्लीच्या उन्हाळ्यातही पावसाचा भास व्हावा, यासाठी केलेली ही रचना. कोनाडे आजही जागेवर आहेत, पाट मात्र बहुतेक काळ कोरडे असतात आणि भोवती हिरवळ राखलेली असते. या बागेची निगा पाण्यापासून सुरू व्हायला हवी, हिरवळीचा विचार मागाहून.

कारण किल्ल्याच्या महालांची मांडणीच पाण्याच्या वाटेवर बेतलेली होती. शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात किल्ला बांधला. यमुना तटाखालूनच वाहत होती, तरी या पाटांसाठी पाणी वरच्या अंगाने, कालव्यातून उताराने आणलं गेलं. ईशान्य कोपऱ्यातल्या शाह बुरुजापाशी ते आत शिरायचं आणि ‘नहर-ए-बिहिश्त’ होऊन महालांच्या दालनांतून वाहायचं. औरंगाबादची पाणचक्की पाहिलेल्या माणसाला उताराची ही किमया वेगळी सांगायला नको. बागेत पाटांनी चार भाग पाडले होते आणि मधोमध हौद होता; त्यातच १८४२ मध्ये बहादूरशाह जफरने लाल दगडाचा जफर महाल उभारला. १८५७ नंतर किल्ल्याची छावणी झाली. बहुतेक इमारती पाडून बराकी बांधल्या गेल्या, शेजारची महताब बाग तर नाहीशीच झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी, व्हाइसरॉय कर्झनने घालून दिलेल्या धोरणातून, उरलेल्या बागेची डागडुजी झाली. तिने अवशेष वाचवले, हे ऋण मान्यच करायला हवं. पण मोकळ्या जागी आली ती इंग्रजी वळणाची, कापलेली हिरवळ.

दिल्लीत लोक टँकरसमोर रांगा लावतात, मग बादशाही कारंज्यांचे लाड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मात्र हिरवळही पाणी पितेच आणि ते मातीत मुरतं किंवा उडून जातं. पाटातलं पाणी पुन्हा पुन्हा फिरवता येतं. याच शहरात हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागेचं काम २००३ मध्ये पूर्ण झालं. तिथे सुमारे तीन किलोमीटरचे पाट नेमक्या उतारावर पुन्हा बसवले आणि पावसाचं पाणी जिरवण्यासाठी शंभरावर खड्डे खोदले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: शंभर वर्षांची हिरवळही इतिहासच, ती का पुसायची? बराकींबाबत हे मला पटतं. किल्ल्यावर काय गुदरलं याच्या त्या साक्षी आहेत. पण हिरवळ उपटा असं इथे म्हणणं नाहीच. पाट तिच्या शेजारी वाहू शकतात. झिरपण्याने जुन्या दगडाला धोका होईल, ही भीतीही खरी आहे, म्हणून एकदम सगळी बाग हाती घेऊ नये. आधी सावनपासून हौदापर्यंतचा एकच पाट नीट तपासावा, गळती बंद करावी आणि एक पावसाळाभर त्यात पाणी खेळवून पाहावं. त्या दिवसांत संध्याकाळी थोडा वेळ कोनाड्यांत दिवेही लावावेत.