फोटोग्राफरकाकांना फळ्यापाशी बोलवा

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मी तेव्हा एम.एस्सी.च्या वर्गात होतो. वसई तालुक्यातील राजोडी या समुद्रकाठच्या गावी एका नातेवाइकांचे लग्न होते. कॅमेऱ्यात रोल घालून फोटो काढण्याचे ते दिवस. मांडवातील फोटोग्राफर नवरानवरीपासून दोन मीटरवर उभे राहून फ्लॅशने फोटो घेत होते. मग सगळे वऱ्हाड एका फोटोत मावावे म्हणून ते चार मीटरवर गेले आणि त्यांनी भिंगाभोवतीचे कडे फिरवले. मी कुतूहलाने जवळ गेलो. त्यांनी मलाच विचारले, "तू शास्त्र शिकतोस ना? मग सांग, अंतर दुप्पट झालं, आता किती स्टॉप उघडायचे?" मी ऐटीत सांगितले, "एक." ते हसले. "दोन रे बाबा! एकच उघडला असता तर अख्खं वऱ्हाड काळं आलं असतं."

व्यस्त वर्गाचा नियम मला तोंडपाठ होता. त्यावरची गणिते मी परीक्षेत बिनचूक सोडवली होती. पण मांडवात तो मला आठवला नाही आणि फोटोग्राफरकाकांना मात्र तो हाताच्या बोटांत ठाऊक होता. पुढे प्राध्यापक झाल्यावर हा नियम शिकवताना दरवेळी मला तो मांडव आठवतो. म्हणूनच माझे ठाम मत झाले आहे, की आपल्या गावातील छायाचित्रकारांना शाळेत बोलावून त्यांची व्याख्याने ठेवली पाहिजेत, आणि ती सर्वांना विनामूल्य खुली असली पाहिजेत.

आधी त्या दोन स्टॉपचा उलगडा करू. जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावर 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 असे आकडे असतात. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. म्हणून आकडा मोठा तितके छिद्र लहान. प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे 1.4 पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतका पट आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे प्रत्येक पायरीला छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे किंवा दुप्पट होते. फ्लॅशपासूनचे अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. तो भरून काढायला चौपट क्षेत्रफळ हवे, म्हणजेच दोन पायऱ्या. काकांनी कडे 8 वरून 4 वर आणले होते. भूमिती, प्रकाशशास्त्र आणि वर्गमूळ अशी तीन प्रकरणे त्या एका कड्यात बसलेली आहेत!

तुम्ही म्हणाल, "सर, आता मोबाईल हे सगळे आपोआप करतो. मग हे शिकायचे कशाला?" आक्षेप योग्य आहे. पण आपोआप होणारी गोष्ट कशी होते हे न विचारणे म्हणजे विज्ञानाला दारातून परत पाठवणे होय. राजोडीच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. त्याच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या मित्राचा मोबाईलवर फोटो काढा. मित्र बहुधा काळा येईल. चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वाढवलात, तर चेहरा दिसेल पण आकाश पांढरेफटक होईल. असे का होते? बहुतेक मोबाईलच्या भिंगाचे छिद्र तर बदलतच नाही, मग उजेड वाढला कसा? या प्रश्नांची उत्तरे ज्याने हजारो फोटो काढले आहेत तो माणूस किनाऱ्यावर उभे राहून दहा मिनिटांत दाखवू शकेल. (सूर्याकडे भिंगातून किंवा दुर्बिणीतून कधीही पाहू नका, हे मात्र लक्षात ठेवा.)

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. ज्यांनी अंधाऱ्या खोलीत स्वतः फोटो धुतले, अशी पिढी आता उताराला लागली आहे. त्या खोलीत लाल दिवा का चाले? साध्या ब्रोमाइड कागदावर लाल प्रकाशाचा परिणाम होत नाही, कारण लाल प्रकाशाच्या कणाची ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या कणापेक्षा कमी असते. आइनस्टाइनने 1905 साली प्रकाशविद्युत परिणामाचा उलगडा करताना मांडलेली कणांची कल्पना फोटो स्टुडिओच्या मोरीत रोज वापरली जात होती! कोऱ्या कागदावर चित्र हळूहळू उमटताना ज्याने पाहिले आहे, त्याला रासायनिक क्रियेचा वेग म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. मग ते चित्र पक्के करायला हायपो. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेलने 1819 सालीच दाखवून दिले होते, फोटोग्राफी जगासमोर येण्याच्या वीस वर्षे आधी. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, म्हणून तो विहिरीत किंवा बावखलात ओतायचा नसतो, हेही हे लोक सांगू शकतील. हे ज्ञान पुस्तकात मिळेल, पण त्यातील हातखंडा माणसाबरोबरच जातो.

हा विचार काही नवा नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय करणारे, पण नामांकित छायाचित्रकारही होते. दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून घेतले होते. 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली पडद्यावर आला, पण त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे टप्प्याटप्प्याने घेतली आणि रोप झरझर वाढताना पडद्यावर दाखवले. हा वनस्पतिशास्त्राचा उत्तम पाठच नव्हे काय?

आता 'विनामूल्य' या शब्दाविषयी. काही शिक्षकमित्र म्हणतात, फुकटची किंमत कोणाला नसते. मला हे पटत नाही. डागेरच्या छायाचित्रणाची कृती पॅरिसमध्ये 19 ऑगस्ट 1839 रोजी जाहीर झाली, तेव्हा फ्रेंच सरकारने ती जगाला खुली केली. (इंग्लंडमध्ये मात्र डागेरने आधीच पेटंट घेऊन ठेवले होते!) परंतु डागेरला वर्षाला 6,000 फ्रँक आणि त्याचा दिवंगत सहकारी न्येप्स याच्या मुलाला 4,000 फ्रँक निवृत्तिवेतन सरकारने बांधून दिले. ऐकणाऱ्याला फुकट याचा अर्थ सांगणाऱ्याने उपाशी राहावे असा नव्हे. दिवसभर लग्नात उभे राहून पोट भरणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस आपण घेणार असू, तर शाळेने किंवा पालकांनी त्याला योग्य मानधन द्यावे. मुलांकडून मात्र पैसा घेऊ नये. शुल्क लावले, की ज्याच्या घरी कॅमेरा कधी आलाच नाही तोच मुलगा दाराबाहेर राहतो.

छायाचित्रकार चुकीचे शास्त्र सांगतील, ही भीती थोडी खरी आहे. 'कसे' त्यांना पक्के ठाऊक असते, 'का' कधीकधी नसते. त्यावर उपाय सोपा आहे. विज्ञानशिक्षकाने शेजारी बसावे. काकांनी करून दाखवावे, शिक्षकांनी फळ्यावर मांडावे, आणि मुलांनी दोघांनाही अडचणीत आणणारे प्रश्न विचारावेत.

सुरुवात राजोडीतच का करू नये? वडीलधारी माणसे सांगतात की पूर्वी समुद्र पुष्कळ लांब होता, सुरूचे बन पुढपर्यंत होते. 'पुष्कळ' म्हणजे किती मीटर? ऑस्ट्रेलियात 2017 पासून काही किनाऱ्यांवर मोबाईल ठेवण्यासाठी पक्के स्टँड बसवले आहेत. येणारेजाणारे लोक त्यावरून त्याच कोनातून फोटो काढून पाठवतात आणि शास्त्रज्ञ त्यांवरून किनाऱ्याची हालचाल मोजतात. आपल्याकडे तर जुन्या स्टुडिओंच्या पेट्यांत आणि घरोघरच्या अल्बममध्ये किनाऱ्यावरचे फोटो पडून असतील. एखाद्या फोटोत मागे चर्च, विहीर किंवा ओळखीचा दगड दिसत असेल, तर ती जागा शोधून तेथूनच आजचा फोटो घेता येईल आणि फरक टेपने मोजता येईल. मात्र भरतीओहोटीची वेळ सारखी नसेल तर केवळ पाण्याची रेषा फसवते, म्हणून झाडांची रेषा पाहावी. हे फोटो कोठले, केव्हाचे, हे सांगू शकणारी माणसे आज गावात आहेत. त्यांच्यानंतर त्या पेट्या रद्दीत जातील.

तेव्हा मुलांनो, येत्या रविवारी आपल्या गावातील सर्वांत जुना फोटो स्टुडिओ शोधून काढा. आत जाऊन नमस्कार करा आणि विचारा, "काका, अंतर दुप्पट झालं तर किती स्टॉप उघडायचे?" त्यांचे डोळे चमकले, तर तुमच्या शाळेला पहिला व्याख्याता मिळाला असे समजा.