चाकांवरचं घर

माझ्या भाचीचा कॅन्सस सिटीहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. एका हातात सोऱ्या, खांद्याला फोन टेकवलेला. ती म्हणाली, "मावशी, मार्चमध्ये आम्ही घर घेऊनच फिरायला चाललोय." मला वाटलं घर विकत घेतलं, म्हणून मी लगेच "अगं पेढे कुठायत?" म्हणून मोकळी झाले. ती हसायला लागली. घर म्हणजे मोटारहोम. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. आपल्या मोठ्या टेम्पोएवढी गाडी, आत दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन, न्हाणी आणि संडास. दहा दिवसांसाठी भाड्याने घ्यायची, आपण चालवायची आणि संध्याकाळ होईल तिथे मुक्काम करायचा.

तिच्याकडे मार्चमध्येही थंडी असते, रात्री पाणी गोठतं. मुलांना शाळेची वसंतातली सुट्टी, म्हणून टेक्ससच्या समुद्रकाठी जायचं. मस्टँग आयलंड नावाचं बेट आहे, तिथे ऊन आहे, वाळू आहे. जायचं अंतर दीड हजार किलोमीटर! ओक्लाहोमा, डलास, सॅन अँटोनियो करत दोन-तीन दिवसांत पोचायचं.

मग पुढचा अर्धा तास ती मला तयारी सांगत होती आणि माझ्या कुरडयांचा चीक तसाच राहिला. पण ऐकण्यासारखंच होतं. गाडीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरीत आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी जमा होतं, तिला करडी टाकी म्हणतात. तिसरी संडासाची, ती काळी टाकी. ही काळी टाकी कुठेही रिकामी करता येत नाही, त्यासाठी ठरावीक जागा असतात. तिथे गाडी लावायची, जाड पाइप जोडायचा, आधी काळी टाकी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे काम जावईबापूंनी आपल्याकडे घेतलंय म्हणे. ऐकून बरं वाटलं. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून त्यात गुलाबी रंगाचं न गोठणारं औषध भरून ठेवतात. ते काढून, पाइप धुऊन मगच पाणी भरायचं. त्यामुळे पहिली रात्र जिथे गारठा असेल तिथपर्यंत टाकी कोरडीच ठेवून बाटल्यांच्या पाण्यावर भागवायचं, असं तिचं ठरलंय. ओक्लाहोमात वारा इतका सुटतो की उंच गाडी डोलते, म्हणून तो पट्टा सकाळी लवकर पार करायचा. मुक्कामाच्या जागा तर तिने कित्येक महिने आधीच धरून ठेवल्यात. सुट्टीच्या दिवसांत ऐनवेळी मिळत नाहीत.

मी विचारलं, "आणि स्वयंपाक?"

"मीच करणार ना मावशी. गॅस आहेच."

खरं सांगू का मैत्रिणींनो, मला त्या गाडीचा हेवा वाटला, पण अर्ध्याच गाडीचा. संडास बरोबर असणं, ही कल्पनाच मला स्वर्गासारखी वाटली. शेगडी बरोबर असणं मात्र नाही. दीड हजार किलोमीटर जाऊन पोळ्याच लाटायच्या, तर मग घर काय वाईट होतं? भाचीला तसं म्हटलं. ती म्हणाली, तिकडे माणसं बाहेर जाळी मांडून भाजतात आणि ते काम पुरुषच करतात. असेल. पण भाजायच्या आधीचं चिरणं, मुरवणं आणि नंतरचं घासणं कोण करतं, हे मी तिला विचारायचं ठेवलंय.

हा हेवा आला कुठून ते सांगते, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

गेल्या वर्षी माघात आमच्या बचत गटाची सहल मी आखली. अष्टविनायकांपैकी पाच, तीन दिवस. कोणतं देऊळ कधी उघडतं, आरती किती वाजता, पार्किंग कुठे, सगळं वहीत लिहिलेलं. चौदा बायकांनी कुठे लघवीला जायचं, हे मात्र एका ओळीतही नव्हतं. आदल्या रात्री प्रत्येकीने घरच्यांचं तीन दिवसांचं आवरून ठेवलं, पहाटे तीनला उठून दशम्या, धपाटी, शेंगांची चटणी, ठेचा बांधला. गाडीत बसलो तेव्हाच अर्ध्याजणी झोपेने पेंगत होत्या.

पहिल्या पेट्रोल पंपावर 'महिला' अशी पाटी होती आणि दाराला कुलूप. किल्ली मालकाकडे, मालक गावात. दुसऱ्या ठिकाणी दार होतं, कडी नव्हती, पाणी नव्हतं. पंपांवर स्वच्छतागृह असावं हा तेल कंपन्यांचाच नियम आहे, पण नियमाला किल्ली कोण लावणार? नंतर ड्रायव्हर म्हणाला, आता एकदम मुक्कामालाच थांबू. आणि आम्ही बायका "चालेल, चालेल" म्हणालो. आपल्याला ही सवयच असते. आमच्यातल्या एक वहिनी, वय ५४, त्यांनी तर सकाळीच पाणी पिणं बंद केलं होतं. तीनही दिवस तसंच. घोट घोट चहा, बस.

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. लघवीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता. दवाखान्यात सलाईन लागलं. मी भेटायला गेले तर त्यांच्या सुनेने मला खुर्ची दिली, पण बोलली नाही. वहिनी मात्र मलाच समजावत होत्या, "तुमचा काय दोष? मीच पाणी प्यायले नाही." त्यांनी ते का प्यायलं नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

यंदाच्या सहलीच्या यादीत त्यांनी नाव दिलेलं नाही.

यंदा आम्ही समुद्रावर जायचं म्हणतोय. आमच्या माणदेशातल्या चौदापैकी नऊजणींनी समुद्र पाहिलेलाच नाही, त्यातल्या दोघी साठीच्या पुढच्या. रंगपंचमी झाली की गुढीपाडव्यापर्यंत दहा-बारा दिवस मिळतात. ज्वारी निघालेली असते, लग्नसराई अजून तापलेली नसते. एवढीच काय ती आमची वसंतातली सुट्टी. भाची थंडीतून उन्हाकडे चाललीये, आम्ही कोरड्या उन्हातून घामाच्या उन्हाकडे. सुती साड्या घ्या आणि पाणी दुप्पट प्या, असं मी सांगितलं, तर सगळ्या माझ्याकडे बघून गप्प झाल्या. पाणी दुप्पट म्हणजे पुढचाही प्रश्न दुप्पट!

ठिकाण ठरलंय वेळास. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळचं छोटं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून काहींनी नाव ऐकलं असेल. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटतात आणि मागे वळून न बघता समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात नेऊन पुरतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात, मग सकाळ-संध्याकाळ त्यांना किनाऱ्यावर सोडतात. पिल्लं दिसतीलच असं मात्र नाही, हे मी सगळ्यांना आधीच बजावलंय. एक गंमत अशी की वाळू जास्त ऊबदार असेल तर माद्या जन्मतात आणि गार असेल तर नर. आमच्या बैठकीत हे सांगितल्यावर जो हशा पिकला तो विचारू नका. भाचीच्या टेक्ससच्या किनाऱ्यावरही याच कासवांची बहीणजात अंडी घालते, पण एप्रिलनंतर. तिच्या नशिबात ती नाहीत.

वेळास ठरवायला आणखी एक कारण आहे. तिथे लोकांच्या घरातच राहायचं असतं, आणि रांधून वाढणाऱ्या गावातल्याच बाया. त्यांच्या रांधण्याला दाम मिळतो. आम्ही पहिल्यांदाच दुसरीच्या हातचं गरम जेवणार आणि पैसे देऊन उठणार. यावर आमच्यात भांडण झालं, लपवत नाही. एक काकू म्हणाल्या, "रस्त्याच्या कडेला झाडाखाली सगळ्यांनी डबे उघडायचे, तीच तर सहल." त्यांचं अगदीच चूक नाही. गेल्या वर्षीची ती धपाटी मलाही आठवतात. शेवटी असं ठरलं की कोरडी चटणी आणि चिवडा आणायला मुभा, पण पहाटे तीनला कुणी तवा ठेवायचा नाही. घरच्यांसाठीही तीन दिवसांचं करून ठेवायचं नाही. घरात हातपाय धड असलेली माणसं आहेत. त्यांना कुकर लावता येतो की नाही, हे एकदा कळू दे. (आमच्याकडे येत नाही. रविवारी शिकवणी सुरू केलीय.)

आणखी एक बोलून टाकते. सहल म्हटली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. अर्धशिशी असणारीला, रक्ताच्या गाठीचा त्रास झालेलीला त्या महागात पडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घ्यायच्याच नाहीत. आणि यंदा तर देवळं नाहीत, समुद्र आहे. त्याला काही चालत नाही असं नसतं.

गाडी आम्ही सतरा सीटची ठरवलीय. एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एसटीने निम्म्याहून स्वस्त पडलं असतं. पण एसटी आपल्या गरजेला थांबत नाही. जास्तीचे पैसे जातायत ते या थांबण्याचे. सातारा, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने पोलादपूर, पुढे मंडणगड. नऊ तास तरी धरायचे. घाटात उलटी होणाऱ्या तिघी पुढच्या सीटवर. दर दोन तासांनी थांबा, आणि तो ड्रायव्हर नाही, आम्ही ठरवणार. हे भाडं ठरवतानाच बोलून घेतलं. तो जरा नाराज दिसला, पण 'हो' म्हणाला.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, म्हणजे अशी फिरती घरं आणि ती उभी करायच्या जागा. २०२३ साली महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं, त्यात पर्यटनाचा धंदा काढणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. चांगलंच आहे. पण आमच्यासारख्या भिशीतून महिन्याला दोनशे बाजूला टाकणाऱ्यांना फिरतं घर परवडणार नाही. आम्हाला त्या घरातली एकच खोली हवीय आणि ती चाकांवर नसली तरी चालेल. दोन तासांच्या अंतरावर एक स्वच्छ संडास, आत पाणी, आतून कडी, बाहेर किल्ली घेऊन बसलेलं माणूस. पाच-दहा रुपये द्यायला आमची ना नाही. रस्त्यालगतच्या एखाद्या बचत गटाने हे काम अंगावर घेतलं तर लोणची-पापडांपेक्षा वाईट चालणार नाही, असं माझं मत आहे. लोणचं वर्षातून एकदा घेतात. ही गरज मात्र दर गाडीला आहे. त्यांना 'आई'तून काही मिळतं का, हे सरकारी कचेरीत विचारायला मी आणि आमच्या गटाच्या अध्यक्ष जाणार आहोत.

तोवर मी भाचीसारखंच करतेय. वही घेऊन फोन. वाटेवरची हॉटेलं, पंप, एसटी स्टँड, एकेक शोधून विचारायचं: "बायकांची सोय आहे का? पाणी आहे का? कुलूप असतं का?" पहिल्यांदा जीभ अडखळली. चार घरचे पुरुष ऐकतायत, आणि आपण मोठ्याने हे विचारतोय. पाचव्या फोनला काही वाटेनासं झालं. पाच थांबे पक्के झाले.

ही यादी घेऊन मी परवा वहिनींकडे गेले. नाव घाला असं म्हणायला नव्हे, नुसती दाखवायला. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली. सून दारात उभी होती. वहिनी म्हणाल्या, "या तिसऱ्या ठिकाणी आतून कडी आहे का, ते लिहिलेलं नाही."

मी तिथूनच फोन लावला. हॉटेलवाला म्हणाला, थांबा, बघून सांगतो. फोन गल्ल्यावर ठेवल्याचा आवाज आला. मागे कपबशा वाजत होत्या. आम्ही तिघी त्या फोनकडे बघत बसलो. मग तो परत आला आणि म्हणाला, "कडी आहे ताई, पण लागत नाही. तुम्ही कधी येणार? त्याच्या आत बसवून घेतो."

सुनेने विचारलं, "चहा ठेवू का?"