दरोडेखोर कोण?

आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं 'तुणिवु' या तमिळ बोलपटाचें नांव वारंवार ऐकूं येतें. या शब्दाचा अर्थ धाडस. एच. विनोद यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट जानेवारी २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. नायक अजित कुमार. एक टोळी बँक लुटावयास शिरते, तों दुसराच एक दरोडेखोर तेथें आधींच हजर! पुढें बंदुकांच्या धडाक्यांत उलगडा होतो, तो असा कीं, गोड बोलून व बारीक अक्षरांतील अटी दडवून बँकेच्या अधिकाऱ्यांनींच गरिबांची पुंजी म्युच्युअल फंडांत घालावयास लावून बुडविली. बाहेरच्या चोराहून आंतला चोर मोठा, हें या बोलपटाचें तात्पर्य होय.

हें केवळ कल्पनेंतील चित्र नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्यें मुंबईच्या पंजाब व महाराष्ट्र सहकारी बँकेनें एकाच बांधकाम कंपनीस दिलेलें प्रचंड कर्ज दडविल्याचें उघड झालें, आणि ठेवीदारांस प्रथम अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा उरली. ती बँक कोणींही बंदूक दाखवून लुटली नव्हती. आमच्या सोलापुरांतील लक्ष्मी सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्यें रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले व सप्टेंबर २०२२ मध्यें तिचा परवाना रद्द केला. तेथें कोणीं चोरी केली असें आम्ही म्हणत नाहीं. पुरेसें भांडवल नाहीं, असें कारण देण्यांत आलें. परंतु आपलाच पैसा मागण्यास रांगेंत उभें राहणें म्हणजे काय, हें आपल्या जिल्ह्यानेंही पाहिलें आहे.

तात्पर्य, बोलपटाचें निदान खरें. औषध मात्र आम्हांस मान्य नाहीं. नायक बंदूक उचलतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरीं जातो. पण दुसऱ्या दिवशीं तोच प्रेक्षक न वाचतां कागदावर अंगठा उठवितो. यरीहोच्या जक्कयाची गोष्ट मुलांस ठाऊकच आहे. तोही हिशेबाच्या वहींतून लुटणाराच होता. त्याच्या कपाळास कोणीं पिस्तूल लावलें नव्हतें; तरी ज्याचें अन्यायानें घेतलें असेल त्यास चौपट परत करण्यास तो उभा राहिला. परंतु सगळेच जक्कय झाडावरून खालीं उतरत नाहींत, म्हणून आपण डोळस असलें पाहिजे.

येथें आम्हां शिक्षकांसही आपला दोष कबूल केला पाहिजे. मुद्दल, दर व मुदत यांचीं उदाहरणें आम्ही वर्षानुवर्षें सोडवून घेतों. पण बँकेचा एक साधा अर्ज मुलांपुढें ठेवून त्यांतील बारीक अक्षरें आम्ही कधीं वाचून घेतलीं काय? मंद्रूपसारख्या गांवीं ज्वारी-तुरीचा व उसाचा पैसा कोणत्या दारीं ठेवावा, हा पालकांचा खरा प्रश्न आहे. त्यांनीं इतकें तरी ध्यानांत ठेवावें. बँकेंतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वीं तें अवघें १ लाख होतें. या विम्यामुळेंच लक्ष्मी बँकेच्या बहुतेक ठेवीदारांस संपूर्ण रक्कम मिळण्याचा हक्क राहिला. परंतु हें संरक्षण म्युच्युअल फंडास नाहीं व पतसंस्थेंतील ठेवीसही नाहीं. जेथें व्याज शेजाऱ्याहून फार अधिक, तेथें 'इतकें कोठून देतां?' असें विचारावें. सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक सभेस जावें. तेथें श्रीमंतास एक मत व गरिबासही एकच. अहवाल चहाच्या पेल्याखालीं ठेवण्यासाठीं छापलेला नसतो.

विद्यार्थिमित्रहो, बोलपट अवश्य पहा. पण घरीं आजोबांपुढें एखादा कागद सहीसाठीं आला, तर तो हातीं घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानें वाचून दाखवा, आणि जें कळलें नाहीं तें साहेबांस चारचौघांत विचारा. आमच्या मतें खरें तुणिवु तें हेंच.